शंकेची दिशा

‘आय डाउट द सील इज लीकिंग.’

पंपाच्या पाहणीच्या अहवालात खालून दुसऱ्या ओळीत असलेलं हे वाक्य. लिहिणारा चाकणचा, वाचणारा इंग्लंडमधल्या लीड्सचा. लिहिणाऱ्याने पंपाच्या पायाशी पाण्याचा ओघळ पाहिलाय, शाफ्टच्या कडेला बोट लावून ओल तपासलीय आणि त्याच्या मनात पाल चुकचुकलीय की सील, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग, गेलेलं असणार. ती चुकचुक त्याने इमानदारीने कागदावर उतरवली. वाचणाऱ्याला त्यातून बरोबर उलटा अर्थ मिळाला: सील गळत असेल असं या माणसाला वाटत नाही. मग गॅस्केट बघा, फ्लँजचे बोल्ट बघा, केसिंगला कुठे चीर गेलीय का बघा. सीलचा नंबर सगळ्यात शेवटी. दोघांनाही इंग्रजी चांगलं येतं. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, स्पेलिंग बरोबर आहे. चुकली ती शंकेची दिशा. आणि ही चूक पटकन पकडताही येत नाही, कारण दोन्ही टोकांना वाक्य पूर्ण समजल्यासारखं वाटतं आणि त्यामुळे पुन्हा विचारायची कोणाला गरजच भासत नाही. अशी वाक्यं आपल्याकडून रोज बाहेर जातात, म्हणून ते एक वाक्य डोक्यातून जात नाही.

मूळ आपल्या ‘शंका’ या शब्दात आहे. ‘सील गळत असल्याची शंका आहे’ म्हटलं की बोलणाऱ्याचा कल गळतीकडे असतो. ‘सील गळतंय याबद्दल शंका आहे’ म्हटलं की कल न गळण्याकडे. ‘त्याने पैसे घेतल्याची शंका’ आणि ‘त्याने पैसे घेतले याबद्दल शंका’ यांत पहिल्या वाक्यात माणूस अडकतो, दुसऱ्यात सुटतो. सगळा खेळ ‘ल्याची’ आणि ‘याबद्दल’ यांचा आहे आणि मराठीत वाढलेलं पोरसुद्धा त्यात कधी चुकत नाही. इंग्रजीत शिरताना मात्र हे प्रत्यय दाराबाहेर राहतात. आत जाते नुसती शंका, आणि शाळेत तिचा अर्थ ‘डाउट’ असा पाठ केलेला असतो. आजच्या इंग्रजीतल्या ‘डाउट’चं तोंड एकाच बाजूला आहे, नकाराकडे. होकाराकडे झुकलेल्या शंकेसाठी तिथे वेगळं क्रियापद आहे, ‘सस्पेक्ट’. चाकणच्या माणसाला म्हणायचं होतं ते ‘आय सस्पेक्ट द सील इज लीकिंग’. आपण हा शब्द वापरायला कचरतो, कारण बातम्यांनी तो पोलिसांच्या ताब्यात देऊन टाकलाय. सस्पेक्ट म्हणजे संशयित. इंग्रज माणूस तो अगदी निरुपद्रवी ठिकाणीही वापरतो. ‘आय सस्पेक्ट शी विल लाइक इट’ म्हणजे तिला आवडेल असा माझा अंदाज आहे. त्यात कोणावर आळ नाही. तिसरी शंका वर्गातली. ‘काही शंका?’ असं सर विचारतात आणि मुलं हात वर करतात. तीच मुलं पुढे मँचेस्टरच्या वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणत उभी राहतात. तिथल्या प्राध्यापकाला ऐकू येतं की आपण सांगितलेलं या मुलाला पटलेलं नाही. त्या बिचाऱ्या मुलाला फक्त प्रश्न विचारायचा असतो, आणि प्रश्नाला तिथे साधा ‘क्वेश्चन’च म्हणतात.

आणि तरीही, चाकणचं ते वाक्य चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये बरोबर ठरलं असतं.

शेक्सपिअरच्या हॅम्लेटला बापाचं भूत दिसल्याची खबर मिळते तेव्हा तो म्हणतो, ‘आय डाउट सम फाउल प्ले’. यात काहीतरी काळंबेरं आहे असं मला वाटतंय, असा त्याचा अर्थ. काळंबेरं नसेल, असा नव्हे. त्या काळच्या ‘डाउट’ला दोन्ही तोंडं होती. लॅटिनमधल्या ‘दुबितारे’वरून हा शब्द आला आणि त्याच्या पोटात ‘दुओ’, म्हणजे दोन, आहे. आपल्या ‘दुविधे’त जो ‘दु’ आहे, त्याच कुळातला. जर्मन लोकांच्या ‘त्स्वायफेल’मध्येही दोनच लपलेत. दोन वाटांच्या मधोमध उभं राहणं हा मूळ भाव. जुन्या फ्रेंचमधून जाताना त्याला भीतीचा रंग चढला, म्हणून ‘डाउट’चा एक अर्थ ‘असं असेल अशी धास्ती वाटणं’ असा झाला. स्कॉटलंडमध्ये तो अजून जिवंत आहे. तिथला म्हातारा आभाळाकडे बघून ‘आय डाउट इट्ल रेन’ म्हणाला तर छत्री घ्यावी. तेच शब्द लंडनकर बोलला तर छत्री घरी ठेवायला हरकत नाही. एकाच बेटावर शंकेची दिशा अशी फिरते. स्पेलिंगमधला तो न उच्चारला जाणारा ‘बी’ही मागाहून घुसवलेला. मध्ययुगातले इंग्रज तो लिहीत नव्हते. लॅटिनशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो चिकटवला, आणि आजतागायत मुलं तो विसरल्याबद्दल मार्क गमावतात.

‘डाउट’पेक्षा रोजच्या बोलण्यात जास्त वेळा येतो तो ‘आय थिंक’. त्याचं भाषांतर ‘मी विचार करतो’ असं केलं की वाक्य मेलंच. तो आपला ‘मला वाटतं’ आहे. जुन्या इंग्रजीत तर तो शब्दशः ‘मला वाटतं’च होता. तिथे दोन वेगळी क्रियापदं होती: विचार करणं म्हणजे ‘थेंचन’ आणि वाटणं, भासणं म्हणजे ‘थ्यूंचन’. दुसऱ्याला आपल्यासारखी चतुर्थी लागायची, ‘मला भासतं’ अशी. ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द हेच सांगतो. त्यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. पुढे दोन्ही क्रियापदांचे उच्चार एकमेकांत मिसळले, चतुर्थी गेली आणि वाटणाऱ्या माणसाला कर्ता करून टाकण्यात आलं. मराठीत अजूनही मत आपल्याकडे चालत येतं, आपण ते करत नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ‘मला वाटतं’ म्हणणारा माणूस स्वतःला थोडं बाजूला उभं करतो. ‘आय थिंक’ म्हणणारा वाक्याच्या तोंडाशीच उभा असतो, आणि म्हणून इंग्रजाला नम्र व्हायचं असेल तर त्याला इतर युक्त्या शोधाव्या लागतात.

त्यातली पहिली युक्ती जागेची. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. ओ. अर्मसन यांनी 1952 साली एका निबंधात दाखवून दिलं की ‘आय थिंक’, ‘आय बिलीव्ह’, ‘आय सपोज’ ही क्रियापदं वाक्यात कुठेही बसू शकतात: सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी. तेव्हा ती मनात काय चाललंय याचं वर्णन करत नसतात. बाकीचं वाक्य किती भरवशाने घ्यायचं एवढंच ऐकणाऱ्याला सांगतात. ‘ही हॅज लेफ्ट, आय थिंक’ हे कानाला ‘गेला वाटतं’सारखंच लागतं. मराठीतलं हे शेपटीचं ‘वाटतं’ अगदी याच जातीचं आहे: ‘मला’ गळालेलं, ‘असं’ गळालेलं, फक्त पकड सैल करण्यापुरतं उरलेलं. दुसरी युक्ती आघाताची, आणि ती लिहिलेल्यात दिसत नाही. ‘आय थिंक ही हॅज पेड’ या वाक्यात ‘पेड’वर जोर दिला आणि ‘थिंक’ गिळून टाकलं तर बोलणाऱ्याला जवळपास खात्री आहे. जोर ‘थिंक’वर आला आणि शेवटी सूर खाली जाऊन पुन्हा किंचित वर उचलला गेला, तर पावती मागून घेतलेली बरी. जोर ‘आय’वर आला तर बाकीच्यांचं मत वेगळं असावं. मराठीत आपण हे शब्दांनी करतो: ‘दिलेत की’, ‘दिलेत वाटतं’, ‘मला तरी वाटतं दिलेत’. इंग्रजी ई-मेलमध्ये ना सूर असतो ना ‘तरी’, त्यामुळे तीनही वाक्यं एकसारखी दिसतात.

नकाराच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. ‘तो येईल असं वाटत नाही’ यात नकार ‘वाटण्या’ला लागलाय, पण अर्थ ‘येणार नाही’कडे जातो, इंग्रजीतलं ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ही असंच. ‘आय थिंक ही विल नॉट कम’ चूक नाही, पण जरा ताठ लागतं. घोटाळा होतो तो तुटक उत्तरांत. पाऊस येईल का? ‘आय डोन्ट थिंक सो’ चालतं, म्हणून माणूस ‘आय डोन्ट होप सो’ म्हणून जातो, आणि ते कोणी म्हणत नाही. म्हणतात ‘आय होप नॉट’. तसंच ‘आय ॲम अफ्रेड नॉट’ आणि ‘आय गेस नॉट’. आणि ‘डाउट’ला तर ‘सो’ लागतच नाही. ‘आय डाउट इट’, एवढंच. कारणही पटण्यासारखं आहे. ‘येईल असं वाटत नाही’ आणि ‘येणार नाही असं वाटतं’ ही दोन्ही जवळजवळ एकच. पण ‘येण्याची आशा नाही’ आणि ‘येणार नाही अशी आशा आहे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर. एकात माणूस वाट बघून थकलाय, दुसऱ्यात पाहुणा नकोसा झालाय.

सगळ्यात फसवे आहेत ते खात्रीचे शब्द.

‘मस्ट’ घ्या. शाळेत शिकवतात की ‘मे’पेक्षा ‘शुड’ पक्का आणि ‘शुड’पेक्षा ‘मस्ट’ पक्का. ते खरंच आहे, पण ‘इट मस्ट बी रेनिंग’ हे वाक्य ‘इट इज रेनिंग’पेक्षा कच्चं आहे, ही गोष्ट राहून जाते. लौरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञाने 1972 साली ती नेमकी मांडली. खिडकीतून पाऊस दिसत असताना कोणी ‘मस्ट’ म्हणत नाही. आत येणाऱ्याच्या छत्रीतून थेंब गळताना बघितले की ‘मस्ट’ म्हणतात. आपणही डोळ्यांसमोर पडणाऱ्या पावसाला ‘पडत असणार’ म्हणत नाही. ‘असणार’, ‘असावा’, ‘असेल’, ‘असेलही’ या चढउतारावर आपण न अडखळता वावरतो आणि इंग्रजीची शिडी जवळजवळ तशीच आहे: ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’, ‘माइट’. अगदी आपल्या ‘असेल’सारखा भविष्यकाळही तिथे अंदाजाला चालतो. दाराची बेल वाजल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणजे पोस्टमन असेल. पायरी चुकते ती नकारात. ‘तो घरी असणार’ याचा नकार ‘तो घरी असणं शक्य नाही’, आणि तो इंग्रजीत ‘ही कान्ट बी ॲट होम’ असा होतो. ‘मस्ट’ला नुसतं ‘नॉट’ जोडलं की ब्रिटिश कानाला बहुधा मनाई ऐकू येते, ‘त्याने घरी असता कामा नये’ अशी.

‘शुअरली’ हा दुसरा. आपण आश्वासन देताना ‘आय विल शुअरली कम’ लिहितो, ‘नक्की येईन’ या अर्थी. इंग्रज मात्र ‘शुअरली’ वापरतो ते खात्री ढळायला लागली की. ‘शुअरली यू हॅव ईटन?’ म्हणजे ‘जेवला असशीलच ना?’, आणि त्या ‘ना’मध्ये सगळी काळजी. नक्की यायचं असेल तर ‘डेफिनेटली’ लिहावं, किंवा काहीच न जोडता ‘आय विल बी देअर’. ‘नो डाउट’ तर शब्दशः ‘शंकाच नाही’, पण ‘नो डाउट ही विल बी लेट’ म्हणजे ‘येईल उशिराच, नेहमीसारखा’, म्हणजे अंदाजच. खरी निःशंकता हवी असेल तर ‘विदाउट अ डाउट’ म्हणावं लागतं. ‘आय ॲम शुअर ही मेंट वेल’ मध्ये तर बोलणाऱ्याला बहुतेक वेळा त्या हेतूंबद्दल खात्री नसते. तो समोरच्याला शांत करत असतो. ठाम शब्द एकदा का कोणाला समजावण्याच्या कामी लागला, की तो झिजतो. आपल्याकडे ‘अर्थात’ आणि ‘नक्कीच’ यांची झीज याच वाटेने चालू आहे, आणि ती बघताना वाईट वाटतं.

ऐकीव माहितीसाठी मराठीने एका शब्दात काम भागवलंय: ‘म्हणे’. ‘पूल बंद आहे म्हणे.’ मी पाहिलेला नाही, कोणी सांगितलं तेही महत्त्वाचं नाही, खोटं ठरलं तर मला धरू नका, हे सगळं त्या दोन अक्षरांत आलं. इंग्रजीला त्यासाठी चार-पाच शब्दांत काम वाटून द्यावं लागतं. ‘अपॅरंटली’ यातला सगळ्यात जवळचा. तो जन्मला ‘उघडपणे, डोळ्यांना दिसतं तसं’ या अर्थाने, आणि आज बोलण्यात तो बऱ्याचदा डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीलाच लागतो. ‘सपोझेडली’ लावलं की ‘म्हणे’ कुत्सित होतो. ‘अलेजेडली’ कोर्टाच्या भीतीने लावलेला असतो, म्हणजे आपला ‘कथित’. ‘आय गॅदर यू आर लीव्हिंग’ हा माझा आवडता. ‘जाताय असं कळलं’, इतकं हळुवार, की समोरच्याला हो किंवा नाही म्हणायची जागा राहते.

या साऱ्या शब्दांना आकडा लावायचा प्रयत्न झाला तो अमेरिकेत, आणि तो अशाच एका वाक्यामुळे. 1951 साली तिथल्या गुप्तचर विश्लेषकांनी अहवाल दिला की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. परराष्ट्र खात्यातल्या एकाने शर्मन केंट या विश्लेषकाला सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरात 65 तरी. विचारणारा चपापला, त्याने ती शक्यता खूप कमी धरली होती. केंट परत आले आणि ज्या सहकाऱ्यांनी तो शब्द एकमताने मान्य केला होता त्यांना एकेक करून विचारलं. उत्तरं शंभरात 20 पासून 80 पर्यंत पसरलेली निघाली. एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीला होकार दिला होता. 1964 मध्ये केंटनी कोष्टक मांडलं: ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे 93 टक्के, सहा इकडे-तिकडे, ‘प्रॉबेबल’ म्हणजे 75, बारा इकडे-तिकडे, ‘प्रॉबेबली नॉट’ म्हणजे 30, दहा इकडे-तिकडे. सहकाऱ्यांतल्या अनेकांना हे रुचलं नाही. भाषेला जुगाराचा भाव लावल्यासारखं वाटलं. आज हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान 90 असं ठरवूनच लिहितात. आपल्या बातम्यांतल्या ‘शक्यता नाकारता येत नाही’ला असा काही भाव नाही. ते वाक्य 2 टक्क्यांनाही बसतं आणि 70 टक्क्यांनाही, आणि म्हणूनच ते इतकं आवडतं.

हेच वाक्य इंग्रजीतून घरात येतं तेव्हा हात थरथरतात. एक्स-रे किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट पुण्यात काय किंवा परभणीत काय, इंग्रजीतच मिळतो. घरचं माणूस तो दवाखान्याच्या पायरीवरच उघडतं. त्यात ‘सजेस्टिव्ह ऑफ’ असतं, म्हणजे लक्षणं त्या आजाराकडे बोट दाखवतायत. ‘कन्सिस्टंट विथ’ असतं, म्हणजे दिसतंय ते त्या आजाराशी जुळतं. दुसऱ्या कशाशी जुळत नाही असं मात्र त्यात म्हटलेलं नसतं. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ असतं, म्हणजे एवढ्यावरून तो नाहीच असं सांगता येत नाही. तो आहे असंही नाही. आजाराच्या नावाआधी नुसतं प्रश्नचिन्ह असलं तर ती डॉक्टरने डॉक्टरला विचारलेली शंका आहे. शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असतं: पेशंटला प्रत्यक्ष तपासून याच्याशी जुळवा. फोटो बघणाऱ्याने पेशंट बहुधा नीट तपासलेला नसतो आणि तेवढं तो प्रामाणिकपणे लिहितो. घरचे मात्र आजाराचं नाव वाचतात आणि आजूबाजूचे शब्द गळून जातात. त्या गळालेल्या शब्दांतच सगळा दिलासा असतो, म्हणून कोणीतरी ते शांतपणे मराठीत सांगायला हवेत.

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी आपण जे लिहितो, ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे’, तेही इंग्रजी ‘नॉलेज अँड बिलीफ’वरून आलेलं. पण इथे भाषांतर करणाऱ्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. ‘बिलीफ’ला त्याने ‘श्रद्धा’ म्हटलं नाही, ‘विश्वास’ही म्हटलं नाही. ‘समजूत’ म्हटलं. समजूत चुकू शकते, आणि ती चुकली तरी माणूस खोटारडा ठरत नाही. जे स्वतः पाहिलं ते माहितीच्या खात्यात आणि जे पटलं ते समजुतीच्या, असे दोन वेगळे कप्पे त्या एका ओळीत पडले. ज्या कोणी कारकुनाने किंवा वकिलाने हा शब्द पहिल्यांदा योजला, त्याचा कान फार चांगला होता.

चाकणच्या अहवालातही हेच दोन कप्पे पुरतात. ‘डाउट’ काढून टाकायचा. आधी डोळ्यांनी पाहिलेलं: ‘वॉटर सीन अलाँग द शाफ्ट’. मग अंदाज, त्याच्या दिशेसकट: ‘सील लीक सस्पेक्टेड’. मग जे अजून पाहिलेलं नाही ते: ‘सील नॉट येट ओपन्ड’. तीन तुटक ओळी, एकही अलंकारिक शब्द नाही. लीड्सचा माणूस त्या वाचेल आणि पाना घेऊन आधी सीलकडे जाईल.